पडद्यावरची लाट आणि दाराशी आलेलं पाणी

शनिवारची सकाळची शाळा होती. नववीच्या वर्गाच्या खिडक्यांवर जुने पडदे आणि सतरंज्या टाकून आम्ही अंधार केला, प्रोजेक्टर लावला आणि ‘द डे आफ्टर टुमारो’ हा २००४ सालचा चित्रपट हिंदी आवाजात सुरू केला. हवामानबदलाचा धडा नुकताच संपला होता. भूगोल मी शिकवते, तेव्हा चित्रपटही मीच निवडला होता. समुद्राची प्रचंड लाट न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून गाड्या लोटत पुढे येते, त्या प्रसंगाला मागच्या बाकावरचा एक मुलगा सगळ्यांत मोठ्याने हसला. शिट्टीही त्यानेच मारली. मला वाटलं, याला मजा येतेय.

तीन दिवसांनी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, “बाई, हा रात्री दोन-दोनदा उठतो. दार उघडून अंगणात पाणी आलंय का बघतो आणि परत येऊन पडतो. विचारलं तर काही बोलत नाही.”

आमचं गाव सावित्री नदीच्या खोऱ्यात आहे. जुलै २०२१ मध्ये महाड परिसरात पूर आला, तेव्हा या मुलाच्या घरात छातीभर पाणी होतं आणि घरातल्या सगळ्यांनी रात्र माळ्यावर काढली होती. हे मला ठाऊक होतं. चित्रपट निवडताना मात्र ते माझ्या मनात आलं नाही.

भूकंप, पूर, त्सुनामी, अणुयुद्ध अशा विषयांवरचे चित्रपट शाळेत दाखवले, तर किशोरवयीन मुलांना ते झेपतात का? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण भीती एकट्या चित्रपटात नसते. चित्रपटात काय आहे, तो कोण बघतंय आणि तो संपल्यावर काय होतं, या तिन्ही गोष्टी मिळून ती ठरते. म्हणून आधी भीती चालते कशी, ते समजून घेऊ.

शरीराला ‘हा चित्रपट आहे’ हे उशिरा कळतं

मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका ओळखणं हे त्याचं एक मुख्य काम. तो विचार करत बसत नाही. मोठा आवाज, झपाट्याने जवळ येणारी वस्तू, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती यांतलं काहीही दिसलं की तो शरीराला सावध करतो. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. ‘अरे, हा चित्रपट आहे’ असं सांगायचं काम कपाळामागच्या भागाचं. आवरणं, तोलणं, पुढचा विचार करणं त्याच्याकडे असतं, आणि हा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. भावनांचा जोर मात्र किशोरवयातच वाढलेला असतो. गाडीला वेग आला आहे आणि ब्रेक अजून पुरता बसलेला नाही, अशी ही अवस्था. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला सगळं खोटं आहे हे पक्कं माहीत असतं, तरीही त्याचे पाय थरथरतात. तो भित्रा असतो असं नाही. त्या वयाचं शरीरच तसं असतं.

ही उत्तेजना पडदा बंद झाल्याबरोबर उतरत नाही. डॉल्फ झिलमन या माध्यम-मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ती काही काळ अंगात राहते आणि त्यानंतर जी भावना येईल तिला अधिक जोर देते. शाळेत मात्र ती उतरायला वेळच मिळत नाही. शेवटचा प्रसंग संपतो, तास संपल्याची घंटा होते, मुलं दप्तरं उचलून पळतात. धडधडतं शरीर घेऊन मूल घरी जातं आणि त्या धडधडीचं कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तीव्र भावनेसह पाहिलेली गोष्ट मेंदू घट्ट धरून ठेवतो. अमेरिकेत क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी किंवा किशोरवयात पाहिलेल्या भीतिदायक दृश्यांबद्दल विचारलं होतं. सुमारे ९० टक्के जणांना तसा एखादा अनुभव स्पष्ट आठवत होता आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या मनात त्याची भीती तेव्हाही शिल्लक होती. आपल्या घरातही विचारून पाहा. पन्नाशीतला माणूससुद्धा शाळेत असताना पाहिलेलं एखादं दृश्य जसंच्या तसं सांगतो.

मोठी मुलं कमी घाबरतात का?

‘नववीतली मुलं आहेत, मोठी झाली. यांना काय होतंय!’ शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी कितीदा ऐकलंय आणि स्वतःही म्हटलंय. आपत्तीपटांच्या बाबतीत ते खरं नाही, हे अमेरिकेतल्या एका रात्रीने दाखवून दिलं.

२० नोव्हेंबर १९८३ रोजी एबीसी वाहिनीवर ‘द डे आफ्टर’ हा दूरचित्रवाणीपट लागला. कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स हे साधंसुधं गाव आणि जवळचं कॅन्सस सिटी हे शहर यांच्यावर अणुबॉम्ब पडल्यावर काय होईल, याची ही गोष्ट. त्या रात्री सुमारे १० कोटी लोकांनी तो पाहिला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहिला होता आणि आपण फार खिन्न झालो, अशी नोंद आपल्या रोजनिशीत केली होती. प्रक्षेपणाआधी वाहिनीने प्रेक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली, मुलांना एकटं बसवून हा चित्रपट दाखवू नका, असं शिक्षकांनी आणि मानसतज्ज्ञांनी पालकांना सांगितलं आणि चित्रपट संपल्याबरोबर वाहिनीने पडद्यावर जाणकारांची चर्चा ठेवली.

जोआन कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच पालकांना दूरध्वनी करून मुलं कशी आहेत हे विचारलं. लहान मुलं सर्वांत कमी अस्वस्थ झाली होती, किशोरवयीन मुलं त्यांच्याहून जास्त आणि आईवडील सगळ्यांत जास्त.

याचं कारण समजलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. पाच-सहा वर्षांचं मूल दिसण्याला घाबरतं. विद्रूप चेहरा, लांब नखं, अचानक झालेलं भलतंच रूप त्याला पुरतं. आठ-दहाव्या वर्षापासून मूल घडू शकेल अशा गोष्टींना घाबरू लागतं. चोर, अपघात, आईवडिलांची ताटातूट. किशोरवयात आणखी एक दार उघडतं. जे डोळ्यांना दिसत नाही पण बुद्धीला कळतं, त्याची भीती वाटू लागते. किरणोत्सार, तापमानवाढ, पाणी संपणं, सगळं जगच मोडून पडणं. चिमुरड्याला अणुस्फोट म्हणजे एक मोठा उजेड दिसतो, पण पंधरा वर्षांच्या मुलीला त्या उजेडानंतर काय उरणार नाही ते कळतं. समज वाढली, म्हणून भीतीही वाढली. किशोरवयातल्या या भीतीकडे पोरकटपणा म्हणून बघू नये. ती वाढत्या समजेची खूण आहे आणि तिला तसाच मान द्यायला हवा.

घाबरवून शिकवण्याचा प्रयोग

मुद्दाम घाबरवलं तर मुलं सावध होतात, असं मानून शाळांसाठी चित्रपट काढणारे लोकही होऊन गेले. ब्रिटनमध्ये रेल्वे रुळांवर खेळणाऱ्या मुलांना आवर घालण्यासाठी १९७७ मध्ये ‘द फिनिशिंग लाइन’ हा लघुपट तयार झाला. त्यात शाळेचा क्रीडादिन थेट रुळांवर भरतो, मुलं शर्यती लावतात आणि एकामागून एक जखमी होतात, मरतात. तो शाळांमधून दाखवला गेला. त्यावर इतका वाद झाला की १९७९ मध्ये तो मागे घेऊन त्या जागी ‘रॉबी’ नावाचा सौम्य लघुपट आणावा लागला. पुढे २३ सप्टेंबर १९८४ रोजी बीबीसीने शेफील्ड शहरावरच्या अणुहल्ल्याचा ‘थ्रेड्स’ दाखवला. नंतर तो अनेक ब्रिटिश शाळांतही दाखवला गेला. आज पन्नाशी ओलांडलेले कितीतरी ब्रिटिश लोक त्याबद्दल अजून बोलतात. मनावर ठसा उमटवण्यात हे चित्रपट यशस्वी झाले, यात शंका नाही. पण तो ठसा घेऊन मुलांनी करायचं काय?

या प्रश्नाला अमेरिकी संशोधक किम विटे यांच्या १९९२ च्या मांडणीने उत्तर दिलं. भीती वाटली की माणूस मनाशी दोन प्रश्न विचारतो. धोका खराच मोठा आहे का? आणि त्यावर मला काही करता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर माणूस धोक्याशी दोन हात करतो. पहिल्याचं ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर तो धोका बाजूला ठेवून भीतीशीच झगडतो. मग हसण्यावारी नेणं येतं, ‘आपल्याकडे काही होत नाही’ म्हणणं येतं, विषय निघाला की उठून जाणं येतं. नाहीतर रात्री उठून दार उघडून बघणं येतं.

मी दाखवलेल्या ‘द डे आफ्टर टुमारो’वरच इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला होता. चित्रपट पाहून आलेल्या लोकांना हवामानबदलाची काळजी आधीपेक्षा जास्त वाटू लागली, पण काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. शिवाय चित्रपटातल्या अतिरंजित घटना पाहून, अशा टोकाच्या घटना खरोखर घडतील यावरचा त्यांचा विश्वास उलट कमी झाला. म्हणजे घबराट वाढली आणि विश्वास घटला.

पडदा काय वाढवतो, काय लपवतो

मोठ्या मुलांची भीती आवाक्यात आणायचा एक हमखास उपाय म्हणजे चित्रपट कसा बनतो ते उलगडून दाखवणं.

आधी आवाजाकडे लक्ष द्या. आपत्तीपटात खोल, खर्जातला घरघराट सतत असतो. तो कानांपेक्षा छातीला जास्त जाणवतो. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’साठी चित्रपटगृहांमध्ये प्रचंड मोठे ध्वनिक्षेपक बसवून जमीन हादरल्याचा भास निर्माण केला होता. वर्गात हे करून पाहा. लाटेचा तोच प्रसंग एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून दाखवा. दुसऱ्या वेळी मुलं पाण्याऐवजी संगणकाने केलेली करामत बघू लागतात.

मग विज्ञान तपासा. ‘द डे आफ्टर टुमारो’मध्ये अटलांटिक महासागरातला प्रवाह थांबतो आणि काही दिवसांत हिमयुग येतं. खरे सागरी प्रवाह दिवसांत बदलत नाहीत, त्याला दशकं लागतात. २०१५ च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये ९.६ तीव्रतेचा भूकंप होऊन जमीन दुभंगते आणि खाली अथांग दरी दिसते. प्रत्यक्षात सॅन अँड्रियास या प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात, दरी उघडत नाही. त्याची ताकदही ८ च्या थोडी वरपर्यंतच जाऊ शकते, असं भूशास्त्रज्ञ सांगतात.

हे स्पष्टीकरण वेळेवर मिळालं नाही तर काय होतं? २००९ मध्ये ‘२०१२’ हा चित्रपट आला आणि २०१२ साली जग बुडणार, या अफवेला जोर चढला. नासाचे शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांच्याकडे हजारो घाबरलेल्या प्रश्नांचा ढीग लागला. जगणंच नकोसं झालंय असं लिहिणारी किशोरवयीन मुलंही त्यांत होती. शेवटी नासाला एकेका दाव्याला जाहीर उत्तर द्यावं लागलं.

पण एक पथ्य पाळायला हवं. जे खोटं आहे त्यालाच खोटं म्हणायचं. कोकणातल्या मुलाला ‘पूर वगैरे सगळं सिनेमात असतं’ असं सांगणं म्हणजे त्याच्या आठवणीला खोटं पाडणं. अशा वेळी ते मूल आपल्याशी बोलणंच सोडून देतं.

वर्गात कोण बसलंय?

महाराष्ट्रातल्या शाळांसाठी हा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गाडलं गेलं, २२ जुलै २०२१ ला तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. किल्लारीतून वाचलेली मुलं आज आईवडील झाली आहेत. त्यांच्या घरात ती पहाट अजून सांगितली जाते. नंतरच्या दुर्घटनांतली मुलं आपल्याच वर्गांत शिकत होती, शिकत आहेत. कुणी आश्रमशाळेत, कुणी मामाच्या गावी. अशा मुलाला पडद्यावरचा चिखल केवळ चिखल दिसत नाही. पावसाचा पत्र्यावरचा आवाज, ओल्या मातीचा वास, अंधार, यांतल्या एखाद्याच धाग्याने सगळा प्रसंग परत उभा राहतो.

हे मूल ओळखायचं कसं? रडणारं मूल लगेच दिसतं, हसणारं दिसत नाही. चारचौघांत घाबरलेलं दिसू नये, याचं ओझं या वयात फार असतं आणि मुलग्यांवर जरा जास्तच. मोठ्याने हसणं, शेजाऱ्याला चिमटा काढणं, मोबाईल चाळणं, वारंवार पाणी प्यायला जाणं, हे सगळं ‘मला बघवत नाही’ असं सांगणंच असू शकतं. त्या शनिवारची शिट्टी मला आता वेगळी ऐकू येते.

मग दाखवायचं कसं?

सर्वांत आधी चित्रपट स्वतः शेवटपर्यंत पाहावा. नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्याकडे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे गट झाले आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण प्रमाणपत्र चित्रपटाबद्दल सांगतं, आपल्या वर्गाबद्दल नाही. ‘यूए’मध्ये पालकांचं मार्गदर्शन अपेक्षित असतं. शाळेत ती जागा आपल्याला भरून काढायची असते, म्हणून पालकांना आधी कळवावं. ज्यांनी आपत्ती सोसली आहे, त्या मुलांशी एकेकटं बोलावं आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. ‘ग्रंथालयात थोडं काम आहे, येशील का?’ अशी सन्मानाने बाहेर पडायची वाट सगळ्यांसाठी खुली असावी.

दाखवताना पूर्ण अंधार करू नये, आवाज बेताचा ठेवावा. दोन तासांच्या चित्रपटातून वीस मिनिटांचे नेमके प्रसंग निवडले तर धडा जास्त पोचतो. मध्ये थांबवून विचारावं, “आत्ता या माणसाने काय करायला हवं होतं?” या एका प्रश्नासरशी मूल बघ्याच्या जागेवरून उठतं आणि विचार करणाऱ्याच्या जागेवर येतं.

संपल्यावर निदान वीस मिनिटं हाताशी ठेवावीत. आधी शरीर शांत होऊ द्यावं, उजेड करावा, पाणी प्यावं, दोन पावलं चालावं. मग बोलावं. कुणाला बोलायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावं, नाव घालायची सक्ती नको. आणि सगळ्यांत शेवटी, न चुकता, हाताने करायचं काहीतरी द्यावं.

या शेवटच्या पायरीचं मोल किती, हे दोन खऱ्या घटना सांगतात. डिसेंबर २००४ मध्ये टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्लिश मुलगी आईवडिलांबरोबर थायलंडमधल्या फुकेतच्या माय खाओ किनाऱ्यावर होती. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिक्षकांनी हवाईतल्या १९४६ च्या त्सुनामीची चित्रफीत दाखवली होती आणि पाणी कसं वागतं ते समजावलं होतं. २६ तारखेला समुद्र फेसाळून विचित्र वागताना दिसला आणि तिला ती फीत आठवली. तिच्या आग्रहाने किनारा रिकामा झाला, सुमारे शंभर माणसं वाचली. ती फीतही आपत्तीचीच होती. पण तिच्यासोबत ‘हे दिसलं की पळा’ ही खूण शिकवलेली होती.

जपानमधल्या कामाइशी शहरात प्राध्यापक तोशिताका काताडा यांनी वर्षानुवर्षं शाळांमधून त्सुनामीचं प्रशिक्षण दिलं. मुलांना घाबरवून शिकवण्याला त्यांचा विरोध होता. असं केलं तर मुलं आपल्या गावाचाच तिरस्कार करू लागतील, असं ते म्हणत. त्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. नकाशातल्या अंदाजावर विसंबू नका, त्या क्षणी जमेल ते सगळं करा आणि इतरांची वाट न बघता आधी तुम्ही निघा. ११ मार्च २०११ ला भूकंप होताच माध्यमिक शाळेची मुलं टेकडीकडे धावली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलंही इमारतीतून खाली उतरली. मोठ्यांनी छोट्यांचे हात धरले आणि पहिली जागा सुरक्षित वाटेना म्हणून सगळे आणखी वर गेले. शहरातली जवळपास तीन हजार शाळकरी मुलं वाचली. ज्या वयाला आपण ‘झेपेल का’ म्हणतो, त्याच वयाने त्या दिवशी लहानग्यांना वर नेलं.

नंतर काय बघायचं

चित्रपटानंतर दोन-चार दिवस झोप मोडणं, पुन्हा पुन्हा तेच विचारणं, दिवा लावून झोपणं यात काळजीचं काही नाही. टीव्ही बंद, जेवण वेळेवर आणि घरातल्या कुणीतरी शांतपणे ऐकून घेणं, एवढ्याने ते ओसरतं. मोठ्या मुलाला नुसतं कुशीत घेऊन भागत नाही, त्याला खरी माहिती हवी असते. ती सोप्या शब्दांत द्यावी. दोन-तीन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, शाळा नको म्हणत असेल, पाऊस सुरू होताच थरथरत असेल, तर समुपदेशकाकडे न्यावं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते आणि मुलांसाठी १०९८ आहेच.

मी पुढच्या आठवड्यात वर्गाला पुन्हा एकत्र बसवलं. या वेळी पडदा लावला नाही. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर आपापल्या वाडीचा नकाशा काढायला सांगितला. २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं, उंचावर कोण राहतं, रात्री वीज नसताना कुठल्या पाखाडीने वर जायचं, आजीला कोण धरणार, ११२ ला फोन कोण लावणार. मागच्या बाकावरचा तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने पेन्सिल घेतली आणि पाण्याची रेघ वर्गातल्या कुणाहीपेक्षा अचूक काढली. त्याला ती कुणी सांगावी लागली नाही. तिच्यावर त्याने देवळाचा सडा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी घरापासून तिथवरची पावलं मोजून लिहिली. आदल्या संध्याकाळी तो जाऊन खरोखर मोजून आला होता.

नकाशा घरी न्यायची परवानगी त्याने मागितली. महिन्याभराने त्याची आई बाजारात भेटली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “बाई, तो कागद त्याने दाराला आतून चिकटवलाय. मध्ये एकदा रात्री उठला होता, मला वाटलं परत दार उघडतोय. पण नाही. तिथेच उभं राहून बॅटरीने कागद बघितला आणि झोपला.”